चूल कुठे मांडायची?

मी पदार्थविज्ञान शिकवतो, घरे बांधत नाही. तरीही आज घरांविषयी लिहिणार आहे. त्याला कारण माझ्या हातून झालेली एक चूक.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी विज्ञान प्रदर्शन भरले होते. मी परीक्षक होतो. विषय होता ‘आपत्ती आणि विज्ञान’. नववीतल्या एका मुलाने भूकंपग्रस्तांसाठी निवाऱ्याची प्रतिकृती केली होती. थर्माकोलचा पांढराशुभ्र घुमट, आत चिमुकला दिवा, बाहेर हिरव्या भुशाचे अंगण. मुलगा चुणचुणीत होता. घुमट का, तर त्यात भार सगळीकडे सारखा वाटला जातो. थर्माकोल का, तर तो उष्णतारोधक आहे आणि हलका आहे. उत्तरे बिनचूक होती. मी पहिला क्रमांक लिहून टाकला.

तेवढ्यात कुणाची तरी आजी नातवाचे बोट धरून तिथे आली. घुमटात वाकून पाहिले आणि म्हणाली, “आन् चूल कुठं मांडायची रं बाळा हितं?” मुलगा गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. थर्माकोल शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतो आणि पेटला तर काळा, घातक धूर सोडतो, हे मला पाठ होते. पण गुण देताना ते माझ्या डोक्यातही आले नव्हते. आजीच पुढे बोलत राहिली. भूकंपानंतर ती पत्र्याच्या शेडमध्ये राहिली होती. “भाईर स्टो पेटवायचा, तर वारं आलं की इझायचा. आत पेटवावा, तर जीव नको व्हायचा.” एवढे बोलून ती पुढच्या टेबलाकडे गेली.

क्रमांक मी बदलला नाही. बदलायला हवा होता की नाही, याचा निर्णय मला आजही करता येत नाही. कारण चूक त्या मुलाची नव्हती, आम्ही परीक्षक जे विचारतो त्याची होती.

आजी ज्या भूकंपाविषयी बोलत होती तो ३० सप्टेंबर १९९३ चा. पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांच्या सीमेवर किल्लारी परिसरात तो झाला. आदल्याच रात्री गणपती विसर्जन झालेले, माणसे गाढ झोपेत होती. मी तेव्हा सोलापुरात सातवीत होतो. आमच्या घरातली मांडणीवरची भांडी खडखडली, एवढेच. पण तिकडे सरकारी आकड्यांनुसारच सात हजारांहून अधिक माणसे गेली. या भूकंपाची तीव्रता रिश्टर मापावर साधारण ६.२ होती. एवढ्या तीव्रतेचा धक्का जपानात बसला, तर बहुतेक इमारती उभ्या राहतात. मग आपल्याकडे एवढी माणसे का गेली?

उत्तर माळवदात आहे. मराठवाड्यातल्या जुन्या घरांचे छत सपाट असते; लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी आणखी एक थर चढतो. पिढ्यान्‌पिढ्या असे करत राहिले की थर अर्धा मीटर किंवा त्याहून अधिक होतो. आता गुणाकार करा. एक घनमीटर मातीचे वस्तुमान सुमारे १,६०० किलोग्रॅम. खोली ३ मीटर बाय ४ मीटर, म्हणजे १२ चौरस मीटर. थर अर्धा मीटर. म्हणजे ६ घनमीटर माती, ९,६०० किलोग्रॅम. जवळजवळ दहा टन माती डोक्यावर घेऊन घरातली माणसे झोपत होती.

न्यूटनचा दुसरा नियम तुम्हाला पाठ आहे. समजा, जमीन आडव्या दिशेने दर सेकंदाला दर सेकंदास २ मीटर एवढ्या त्वरणाने हलली. छताला तिच्याबरोबर हलवायचे तर ९,६०० गुणिले २, म्हणजे १९,२०० न्यूटन प्रेरणा लागेल. ती कोण देणार? भिंती. आणि भिंती कशाच्या? चिखलात रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या. बाहेरच्या बाजूने दगडांचा एक पदर, आतल्या बाजूने दुसरा, मधे दगडाच्या चिपा आणि माती. दोन्ही पदरांना जोडणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. अशी भिंत वरून येणारा भार वर्षानुवर्षे सोसते. आडवा हिसका बसला की मात्र तिचे दोन्ही पदर सुटे होतात.

एवढे वाचून तुम्ही म्हणाल, की मग माळवद हा अडाणीपणाच होता. थांबा. मे महिन्यात दुपारी दोन वाजता माळवदाच्या घरात जाऊन बसा आणि मग पत्र्याच्या घरात. दिवसभरातली तापमानाची लाट मातीत खोलवर शिरत नाही. साधारण १२ सेंटिमीटर जाडीमागे तिची चढउतार एकतृतीयांशाच्या आसपास उरते. २४ सेंटिमीटरला एकनवमांश, ४८ सेंटिमीटरला एक्याऐंशी भागांपैकी एक. म्हणजे माळवद हे उन्हाच्या प्रश्नाला दिलेले अतिशय शहाणे उत्तर होते. पण या आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहा. उन्हासाठी २४ सेंटिमीटर माती पुरली असती. त्यापुढची माती उन्हाच्या दृष्टीने जवळजवळ फुकट होती. ती चढत गेली गळतीसाठी. गळतीचा बंदोबस्त दुसऱ्या एखाद्या उपायाने झाला असता, तर निम्मे ओझे खाली उतरवता आले असते. हे गणित दहावीच्या मुलाला करता येण्यासारखे आहे. ते १९९३ पूर्वी आमच्या शाळा-कॉलेजांतून कुणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि याची मला खंत वाटते.

आता पत्र्याकडे वळू. त्याच १२ चौरस मीटरच्या खोलीवर अर्ध्या मिलिमीटर जाडीचा नालीदार पत्रा घातला, तर त्याचे वस्तुमान साधारण ६० किलोग्रॅम भरेल. भूकंपात त्याला हलवायला १२० न्यूटन पुरे. कुठे १९,२०० आणि कुठे १२०! पण वादळी वारा सुटला आणि त्याचा वेग सेकंदाला ३० मीटर झाला, तर हवेचा दाब दर चौरस मीटरला साडेपाचशे न्यूटनच्या घरात जातो. १२ चौरस मीटरवर तो साडेसहा हजार न्यूटन, म्हणजे साडेसहाशे किलोग्रॅमचे वजन उचलण्याएवढा होऊ शकतो. साठ किलोचा पत्रा का उडतो आणि लोक त्यावर धोंडे का ठेवतात, ते आता कळले ना? भूकंपात हेच धोंडे डोक्यात पडतात, ही त्यातली गंमत म्हणायची की शोकांतिका, तुम्हीच ठरवा. माझे म्हणणे एवढेच, की जागा, ऋतू आणि राहणारी माणसे सांगितल्याशिवाय ‘उत्तम निवारा’ हे शब्द निरर्थक आहेत.

या चुका फक्त शाळेतली मुले करतात असे मात्र नाही. १९७० मध्ये तुर्कस्तानात गेदिझ येथे भूकंप झाला, तेव्हा पॉलियुरेथेनच्या फेसाचे घुमट तिथे उभारले गेले. १९७२ च्या डिसेंबरात निकाराग्वाची राजधानी मानाग्वा उद्ध्वस्त झाली, तेव्हा तिकडेही तेच झाले. चित्रात घुमट फार सुंदर दिसत. पण ते तयार होईपर्यंत लोकांनी आपापली सोय लावली होती. निकाराग्वातले पुष्कळ घुमट रिकामेच राहिले. हा फेससुद्धा पेटतो आणि पेटला की विषारी वायू सोडतो. आमच्या आजीचा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. ब्रिटिश वास्तुतज्ज्ञ इयान डेव्हिस यांनी १९७८ मध्ये आपत्तीनंतरच्या निवाऱ्यावर पुस्तक लिहिले, त्यात अशा आयत्या, परक्या घरांवर त्यांनी सडकून टीका केली आहे. संकटात सापडलेली माणसे हात बांधून बसत नाहीत, ती स्वतःच बांधू लागतात. तेव्हा त्यांना हवे असते ते सामान, जागा आणि थोडी तांत्रिक मदत.

मग विद्यार्थ्यांनी घरांच्या वाटेला जाऊच नये काय? उलट, जरूर जावे. पण कसे, याची दोन उदाहरणे सांगतो. दोन्ही अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली आहेत.

पहिले टस्कीगीचे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय समाजासाठी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या नेतृत्वाखाली तिथे १८८१ मध्ये शाळा सुरू झाली. इमारती विद्यार्थ्यांनीच बांधायच्या असे ठरले, पण गावात विटाच मिळेनात. म्हणून त्यांनी वीटभट्टी घातली. ती फसली. दुसरी फसली. तिसरीही फसली. वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ गहाण टाकून चौथ्या भट्टीसाठी पैसे उभे केले आणि ती साधली. मातीची वीट पक्की व्हायला साधारण ९०० ते १,००० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि ते भट्टीच्या मध्यापासून कडेपर्यंत पुरेसा वेळ टिकावे लागते. तेव्हाच मातीचे कण एकमेकांना चिकटतात. पुस्तकात हे एका ओळीचे वाक्य आहे. तीन भट्ट्या फसलेल्या मुलाला मात्र ते जन्मभर विसरता येणार नाही. पुढे १८९२ मध्ये रॉबर्ट टेलर हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून पदवी घेतलेले पहिले कृष्णवर्णीय वास्तुशास्त्रज्ञ तिथे आले आणि त्यांच्या आराखड्यांवरून विद्यार्थ्यांनी इमारती उठवल्या. १९०१ साली पुस्तकरूपाने आलेल्या आत्मचरित्रात वॉशिंग्टन लिहितात, की तोवरच्या चाळीस इमारतींपैकी चार सोडल्या तर बाकी सगळ्या जवळजवळ पूर्णपणे विद्यार्थ्यांच्या श्रमातून झाल्या. सुरुवातीच्या इमारतींत दोष राहिले, हेही त्यांनी लपवलेले नाही. (वास्तुशास्त्र हा शब्द मी जपूनच वापरतो. हल्ली तो उच्चारला की लोक स्वयंपाकघराची दिशा विचारू लागतात.)

दुसरे उदाहरण अलीकडचे. ऑबर्न विद्यापीठातील सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ या दोन प्राध्यापकांनी १९९३ मध्ये, म्हणजे किल्लारीच्याच वर्षी, ‘रूरल स्टुडिओ’ सुरू केला. वास्तुकलेचे विद्यार्थी हेल परगण्यातल्या गरीब खेड्यांत जाऊन राहतात आणि तिथल्या माणसांसाठी घरे, सार्वजनिक इमारती नुसत्या आखत नाहीत, तर बांधतात. १९९४ मध्ये पूर्ण झालेल्या एका घराच्या भिंती गवताच्या गठ्ठ्यांच्या आणि वरून गिलावा केलेल्या आहेत. कोरड्या गवतात अडकलेली हवा उष्णता सहज वाहू देत नाही, हे तत्त्व तुम्हाला ठाऊक आहेच. एका समाजमंदिराला मोडीत निघालेल्या मोटारींच्या पुढच्या काचा छताला बसवल्या आहेत. मला सगळ्यात आवडतो तो २००५ मध्ये सुरू झालेला उपक्रम: मजुरीसह वीस हजार डॉलरांत घर बसवायचे. हा आकडा हवेतून आला नव्हता. सरकारी निवृत्तिवेतनावर जगणारा माणूस किती हप्ता फेडू शकेल, यावरून तो काढला होता. म्हणजे आराखड्याची पहिली रेघ ओढण्यापूर्वी राहणाऱ्याचा खिसा पाहिला गेला. शिवाय विद्यार्थी बदलले, तरी स्टुडिओ त्याच परगण्यात आहे. घर गळले तर कुणाचे दार ठोठवायचे, हे घरमालकाला माहीत असते.

आणि चुलीचे काय? तेही सांगतो. जपानचे वास्तुरचनाकार शिगेरु बान यांनी १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर कागदाच्या नळ्यांची घरे उभारली. पायाला बिअरच्या बाटल्यांचे वाळू भरलेले क्रेट, भिंतीला १०६ मिलिमीटर व्यासाच्या आणि ४ मिलिमीटर जाडीच्या नळ्या, वर तंबूचे कापड. बांधायला विद्यार्थी स्वयंसेवक होते. २६ जानेवारी २००१ ला आपल्याकडे भुजचा भूकंप झाला, तेव्हा तीच कल्पना गुजरातेत आली. पण जशीच्या तशी नाही. पायासाठी पडलेल्या घरांचा राडारोडा वापरला, जमीन मातीने सारवली, छताला बांबूच्या कमानी, त्यांवर चटई, मधे प्लास्टिकचे कापड आणि वर पुन्हा चटई. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भागांतल्या चटयांना बारीक भोके ठेवली. त्यांतून हवा खेळते, आत स्वयंपाक केला तर धूर बाहेर जातो आणि त्या धुराने डासही पळतात. कोबेच्या घरात हे नव्हते, भुजच्या घरात आले. का आले, ते तुम्हीच ओळखा.

आता शिक्षकांशी दोन शब्द. आपण प्रदर्शनात ज्या प्रतिकृती मांडतो, त्या पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने फसव्या असतात. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात हे दाखवून दिले आहे. एखादी वस्तू सर्व बाजूंनी वीस पट केली, तर तिचे वजन वीसचा घन, म्हणजे आठ हजार पट होते. पण ते वजन पेलणाऱ्या खांबांच्या छेदाचे क्षेत्रफळ वीसचा वर्ग, म्हणजे चारशे पटच होते. परिणामी दर चौरस सेंटिमीटरवरचा ताण वीस पट वाढतो. टेबलावर उभी असलेली प्रतिकृती खरे घर उभे राहील याचा पुरावा नाही. एक साधी कसोटी आहे. प्रतिकृती खऱ्या घराच्याच सामानाची आणि एकास वीस प्रमाणाची असेल, तर तिच्या स्वतःच्या वजनाच्या एकोणीस पट वजन तिच्यावर वाटून ठेवा. दोन किलोची असेल तर अडतीस किलो. मग पाहू या कोण टाळ्या वाजवतो!

उष्णतेचेही तसेच. जाडी वीस पट झाली, की उष्णता आरपार जायला लागणारा वेळ चारशे पट होतो. तेव्हा तीन सेंटिमीटर जाडीच्या मातीच्या भिंतीत तापमापक ठेवून साठ सेंटिमीटर भिंतीविषयी बोलता येत नाही. त्यापेक्षा खऱ्या जाडीचे छत लहान खोक्यावर घाला. शेजारी शेजारी चार खोकी ठेवा: एकावर नुसता पत्रा, दुसऱ्यावर पत्रा आणि त्याच्या वर चार बोटे अंतर सोडून कडब्याचा किंवा तुराट्यांचा थर, तिसऱ्यावर चुन्याने रंगवलेला पत्रा, चौथ्यावर वीतभर माती. सकाळी आठपासून संध्याकाळी आठपर्यंत दर अर्ध्या तासाने आतले तापमान लिहा. कागदावर आलेख काढला, की कोणत्या घरात दुपारी बसावे आणि कोणत्या घरात रात्री झोपावे, हे मुले आपणहून सांगतील. माझ्या कॉलेजात आम्ही हे केले आहे. खर्च फारसा येत नाही. बाजूच्या खोलीतले प्राध्यापक हसतात, तेवढे सोसावे लागते.

मुलांनी बांधलेले कोसळले तर, असा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. म्हणून विद्यार्थ्यांनी माणसे राहतील अशी रचना अनुभवी अभियंता आणि गवंडी यांच्या देखरेखीशिवाय बांधू नये. आपत्ती झाल्यावर हौसेने तिकडे धावून जाऊ नये, हे तर मी आणखी जोर देऊन सांगतो. ज्याचे घर पडले आहे तो आपल्या प्रयोगाचा बेडूक नव्हे. किल्लारी परिसरात बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. घरे पक्की झाली. पण सरळ रेषेतल्या रस्त्यांवरच्या त्या घरांत बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, हे प्रश्न लोकांना स्वतःच सोडवावे लागले. मोठमोठ्या यंत्रणांकडून हे होते, तर आठ दिवसांसाठी गेलेल्या तुमच्या-आमच्याकडून काय होईल?

मात्र आपल्या शाळेच्या आवारात करण्यासारखे पुष्कळ असते. सायकली उन्हात तापतात, त्यांच्यावर छप्पर हवे. पाण्याच्या टाकीजवळ सावली हवी. यापैकी एक काम घ्या. आधी आठवडाभर नुसते पाहा: ऊन कुठून येते, वारा कुठून येतो, मुले कुठे उभी राहतात. शिपाईमामांना विचारा, त्यांना तुमच्यापेक्षा अधिक माहीत असते. मग आराखडा, वजनाचा आणि खर्चाचा हिशोब, गवंडीकाकांचा सल्ला, आणि शेवटी काम. माझी सूचना अशी, की निम्मे गुण काम झाल्यावर लगेच देऊच नयेत. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यावा. त्यानंतर त्याच मुलांनी जाऊन काय गळले, काय गंजले, कोण तिथे बसते आणि कोण बसत नाही, हे लिहून आणावे, आणि राहिलेले गुण त्यावर द्यावेत. दहावीच्या मुलांना हे जमणार नाही, कारण तोवर ती शाळा सोडून गेलेली असतात. म्हणून आठवीत सुरुवात करावी.

पुढच्या उन्हाळ्यात चार खोक्यांचा प्रयोग करून पाहा. तुमच्या गावाचे नाव, तारीख, आकाश निरभ्र होते की ढगाळ, आणि चारही खोक्यांची तापमाने एवढे एका कागदावर लिहून संपादकांच्या पत्त्यावर पाठवा. कोकणातले आकडे आणि विदर्भातले आकडे शेजारी मांडून पाहायची मला फार उत्सुकता आहे, विशेषतः रात्रीचे.